पहिला कॅमेरा घेताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या दिवाळीत माझी भाची चिपळूणहून आली, ती एक जाडसर पाकीट घेऊनच. दीड वर्ष शिकवण्या घेऊन तिनं २५ हजार रुपये साठवले होते. म्हणाली, ‘मामा, मला फोटोग्राफी शिकायचीय. एवढ्यात बसेल असा कॅमेरा घेऊन दे.’ दुसऱ्याच्या कष्टाचे पैसे हातात आले की सल्ला देणं सोपं राहत नाही. त्यातून मी स्वतः या बाबतीत एकदा फसलेला माणूस!

२००७ सालची गोष्ट. आमच्या दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची पंचाहत्तरी होती. त्यासाठी मी खास एक छोटा डिजिटल कॅमेरा विकत घेतला. ‘साहेब, १० मेगापिक्सेल आहे, डोळे मिटून घ्या,’ असं दुकानदार म्हणाला आणि मी खरोखरच डोळे मिटून घेतला. समारंभ संध्याकाळचा, हॉलमध्ये ट्यूबलाइटचा उजेड. माझे निम्मे फोटो हलले आणि उरलेले वाळू भुरभुरल्यासारखे दाणेदार आले. मेहुण्याकडे निकॉनचा डी-४० होता, अवघ्या ६ मेगापिक्सेलचा. त्याचे फोटो मात्र स्वच्छ! पुढच्याच वर्षी दादा गेले. आज आमच्या भिंतीवर १२ बाय ८ इंचांचा जो फोटो आहे, तो मेहुण्याच्या कॅमेऱ्यातला आहे.

असं का झालं? मेगापिक्सेल म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या. पण ते ठिपके ज्यावर उमटतात तो सेन्सर केवढा, हे जाहिरातीत ठळक सांगत नाहीत. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात तो बहुधा ६ बाय साडेचार मिलिमीटरच्या आसपास असतो, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. डी-४० सारख्या डीएसएलआर कॅमेऱ्यात तो साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटर असतो. क्षेत्रफळ तेरा-चौदा पट! पाऊस पडताना अंगणात एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. वाटीत कितीही खण पाडले, तरी पाणी वाटीभरच जमणार. प्रकाशाचंही तसंच आहे.

आणि ठिपके तरी किती लागतात? नेहमीची ६ बाय ४ इंची प्रिंट घ्या. इंचाला ३०० ठिपके धरले, तर १८०० गुणिले १२००, म्हणजे २ मेगापिक्सेलपेक्षा थोडे जास्त. १२ बाय ८ इंचांसाठी पावणेनऊ मेगापिक्सेलही पुरेत. तेव्हा पहिला कॅमेरा घेताना मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका.

आता तुम्ही म्हणाल, हातात मोबाइल असताना कॅमेरा हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. सहलीचे, वाढदिवसाचे फोटो काढायचे असतील, तर मोबाइल उत्तम. एका क्लिकमध्ये तो अनेक चित्रं टिपतो, ती जोडतो, अंधार उजळतो. पण हे सगळे निर्णय तोच घेतो. शिकणाऱ्याला ते स्वतः घेता यायला हवेत. लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, आयएसओ किती ठेवायचा, या तीन गोष्टी हातानं बदलता येतील असाच कॅमेरा शिकायला घ्यावा. चूक झाली तर ती का झाली, हे त्यातून कळतं.

आमच्या पैशांत नवा चांगला कॅमेरा बसत नव्हता. म्हणून आम्ही वापरलेला डीएसएलआर घ्यायचं ठरवलं. २०१८ पासून कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आपला भर मिररलेस कॅमेऱ्यांवर वळवला. हौशी मंडळी जुने डीएसएलआर विकून तिकडे गेली. शिकणाऱ्याची त्यात चांदी झाली, कारण दहा-बारा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर आजही तितकाच चांगला फोटो काढतो.

मग मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात आम्ही एक अख्खी दुपार घालवली. पहिल्या दुकानात कॅमेरा चकचकीत होता. भाचीनं मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार पाडून पाहिला, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे! ही बुरशी. आपल्या कोकण-मुंबईच्या दमट हवेत ती हटकून धरते. आम्ही हात जोडले आणि पुढे निघालो.

वापरलेला कॅमेरा घेताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, शटर किती वेळा उघडलंय. सुरुवातीच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाख क्लिकपर्यंत चालेल असं धरतात. निकॉनच्या फोटोफाइलमध्ये बहुधा हा आकडा नोंदलेला असतो. दुसरी, अ‍ॅपर्चर एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा. त्यात काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. तिसरी, पक्की पावती आणि दुकानाची लेखी हमी. ‘बिलाशिवाय स्वस्तात देतो,’ असं कुणी म्हणालं, तर तो स्वस्तपणा पुढे महाग पडतो.

शेवटी २०१२ साली आलेला निकॉनचा डी-३२०० पसंत पडला. सोबत १८-५५ ची नेहमीची लेन्स आणि ३५ मिलिमीटरची एफ १.८ ची वापरलेली लेन्स. दोन्ही लेन्ससकट २१ हजार रुपये. ३५ वर ठेवलेल्या साध्या लेन्सपेक्षा ही दुसरी लेन्स सुमारे सहापट उजेड आत घेते. घरात, संध्याकाळी, फ्लॅश न मारता फोटो काढायचा तर तिला तोड नाही. इथे एक खाचखळगा आहे. डी-३२०० मध्ये फोकसची मोटर कॅमेऱ्यात नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. तेव्हा लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेलं पाहूनच घ्यावी. जुनी ‘एएफ-डी’ स्वस्त मिळते, पण तिचा फोकस हातानं करावा लागतो. कॅननच्या ईएफ लेन्सना ही अडचण नाही.

उरलेल्या पैशांत मेमरी कार्ड, धूळ उडवायचा रबरी ब्लोअर, हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या घेतल्या. चिपळूणच्या पावसाळ्यात त्या डब्याची किंमत कॅमेऱ्याइतकीच समजावी.

भाचीला मी एकच अट घातली. पहिला महिना ऑटोला हात लावायचा नाही. आठवड्यानं तिचा फोन आला, ‘मामा, सगळे फोटो काळे येतायत!’ नंतर म्हणाली, ‘आता पांढरे येतायत.’ त्यानंतर महिनाभर फोनच नाही. मग एक दिवस पाकीट आलं. आत तिच्या आजीचा फोटो होता. संध्याकाळची वेळ, खिडकीतून येणारा मंद उजेड आणि आजी तांदूळ निवडतेय. फ्लॅश नाही, फोटो हललेलाही नाही. चेहऱ्यावरची सुरकुती अन् सुरकुती दिसत होती.

तेव्हा श्रोतेहो, पहिला कॅमेरा जरूर घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या. आणि घेतल्यावर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढा. बाकीचं जग थांबेल.