पत्रिका जुळली, रक्ताचं काय?

आज जरा माझ्या रक्ताबद्दल बोलते.

मी जालन्याची. कॉलेजात रक्तदान शिबिराला गेले, तर हिमोग्लोबिन 10.1. परत पाठवलं. आई म्हणाली, "खातच नाहीस तू." मग बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि दीड वर्ष लोहाच्या गोळ्या. पोट बिघडलं, आकडा तिथंच. शेवटी एका डॉक्टरांनी रिपोर्टमधल्या दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा आकार. 80च्या वर हवा, माझा 64. फेरिटिन, म्हणजे साठवलेलं लोह, मात्र व्यवस्थित. मग एचपीएलसी चाचणी केली. त्यात एचबीए2 निघालं 5.2 टक्के. 3.5च्या वर गेलं की बहुधा बीटा थॅलेसेमिया मायनर. गोळ्या बंद! (तुमच्या मनानं बंद करू नका हं. मायनरलाही लोह कमी असू शकतं, आधी फेरिटिन बघा.)

हे आईवडिलांपैकी कुणाकडून तरी येतं. आईची तपासणी केली, तीही मायनर. रिपोर्ट हातात धरून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुला बोलले ना, तेच सासूबाई मला बोलायच्या."

पुढं परतूरकडचं स्थळ आलं. पत्रिका जुळली. मामी म्हणे, "कशाला सांगतेस? पोरीत खोट काढतील." रात्रभर झोप नाही. सकाळी मीच मुलाला फोन लावला.

"लागण होते का?"

"नाही. मला त्रासही नाही. पण तुम्हीही मायनर निघालात, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर असण्याची शक्यता 25 टक्के. मेजर म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर."

पलीकडं शांतता. म्हटलं, गेलं स्थळ.

आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. त्यांचा एचपीएलसी नॉर्मल. खाली एकच ओळ: "आई विचारतेय, साखरपुडा कधी?"

आणि दोघं मायनर निघालो असतो तरी लग्न मोडायचं कारण नव्हतं. गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासून बाळाचं कळतं. फक्त आधी माहीत पाहिजे.

आता राहिलाय धाकटा भाऊ. कबड्डी खेळतो, म्हणतो, "ताई, मला काय धाड भरलीय?" त्यालाही मायनर असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि घरात त्याच्यासाठी मुली बघणं सुरू झालंय. रविवारी त्याला गाडीवर मागं बसवून लॅबला नेतेय.