निवड लवकर की संधी लवकर?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ग्वाल्हेर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी साहित्य-संगीताच्या पंक्तीत आपण एका क्रीडाशिक्षकाचेही पान मांडलेत, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. माझे आयुष्य शिट्टी आणि हॉकीची स्टिक यांच्या संगतीत गेले. तेव्हा माझ्या बोलण्यात अलंकार कमी आणि मैदानावरची धूळ अधिक असेल. ती आपण झटकून घ्यावी.

आपल्या गावाला हॉकी परकी नाही. मेजर ध्यानचंद यांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंग यांच्या नावाचे मैदान येथे आहे. २००६ पासून राज्याची महिला हॉकी अकादमीही येथे चालते आणि देशाच्या नाना भागांतून मुली तेथे शिकायला येतात. त्यामुळे अनेक पालक मला एकच प्रश्न विचारतात : मुलाला दहाव्या-बाराव्या वर्षीच निवडून वेगळ्या, खास शिक्षणाला लावावे काय?

या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी एक कबुली देतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी बारा वर्षांखालील मुलांच्या एका निवड चाचणीत मी परीक्षक होतो. एक किरकोळ अंगाचा मुलगा आला. स्टिकच्या मुठीला त्याने सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती. चेंडू त्याच्या काठीला जणू चिकटून राही. पण थोराड मुलांचा धक्का लागला की तो कोलमडे. मी शेरा लिहिला, ‘शरीरयष्टी अपुरी.’ त्याची जन्मतारीख डिसेंबरच्या अखेरची होती. ती मी पाहिली होती, पण केवळ तो वयाच्या अटीत बसतो की नाही, एवढ्यापुरती. तो मुलगा पुन्हा मैदानावर दिसला नाही.

त्या दिवशी मी काय तोलले? वयोगटाची सीमा १ जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला, दोघेही कागदावर एकाच वयाचे. प्रत्यक्षात त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते आणि अकराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे फार मोठी मजल. त्यात मुली साधारण बाराव्या वर्षी आणि मुले चौदाव्या वर्षी झपाट्याने उंच होतात. पण हा काळ कुणाचा दोन वर्षे आधी येतो, कुणाचा दोन वर्षे नंतर. परीक्षकाला वाटते, आपण गुण निवडला. पुष्कळदा त्याने केवळ आधी झालेली वाढ निवडलेली असते.

कॅनडातील रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये तेथील बर्फावरच्या हॉकीविषयी हेच दाखवून दिले. वरच्या दर्जाच्या तरुण संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू अखेरच्या तीन महिन्यांतल्यांपेक्षा कितीतरी अधिक होते. कारण सरळ आहे. थोडा मोठा असतो म्हणून मुलगा निवडला जातो. निवडला गेला म्हणून त्याला चांगला शिक्षक, अधिक सराव आणि अधिक सामने मिळतात. आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. मग परीक्षक म्हणतो, ‘पाहा, माझी नजर चुकली नव्हती!’ आपल्याकडे तर शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखाही पुष्कळदा सोयीच्या असतात. जेथे वय चोरले जाते, तेथे खरी तारीख सांगणाऱ्याचे मूल मागे पडते.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ओडिशातील सुंदरगड जिल्ह्यात आदिवासी मुले बांबूच्या काठ्यांनी खेळत मोठी होतात आणि गावोगावच्या सामन्यांत जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. त्याच मातीतून दिलीप तिर्की पानपोषच्या क्रीडा वसतिगृहात आले आणि पुढे भारताचे कर्णधार झाले. अशा मुलांना वसतिगृह म्हणजे पोटभर अन्न, शाळा आणि शिक्षक. शिवाय १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली आणि तेथे आपण सातवे आलो. ते मैदान गल्लीत मिळत नाही. त्याची सवय लहानपणीच लागली तर बरी. हे सारे मला मान्य आहे. पण ही कारणे लवकर संधी देण्याची आहेत. इतरांना लवकर वगळण्याची नव्हेत.

येथे कुणीतरी सचिनचे नाव घेणारच. सोळाव्या वर्षी कसोटी खेळलेल्या त्या आपल्या मुंबईच्या मुलाने २४ फेब्रुवारी २०१० रोजी याच रूपसिंग मैदानावर पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले पहिले द्विशतक ठोकले. परंतु अपवादावरून नियम बांधायचा नसतो. ध्यानचंद १९२२ मध्ये लष्करात भरती झाले, तोवर सांगण्याजोगी हॉकी आपण खेळलो नव्हतो, असे त्यांनीच आत्मचरित्रात नमूद केले आहे. सहा वर्षांनी अ‍ॅमस्टरडॅमला त्यांनी चौदा गोल केले! गोलरक्षक श्रीजेश बाराव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या क्रीडाशाळेत गेले, ते हॉकीसाठी नव्हे. धावणे, लांब उडी, व्हॉलीबॉल असे करत ते हॉकीकडे वळले आणि टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकच्या कांस्यपदकांत त्यांचा वाटा राहिला. त्यांना क्रीडाशाळेचे दार लवकर उघडले. त्यांचा खेळ मात्र सावकाश ठरला.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. चौदा वर्षांपर्यंत मैदान सर्वांना खुले असावे. चाचणी एकदाच नव्हे, दरवर्षी व्हावी आणि गेल्या वर्षी वगळलेल्यांना आवर्जून बोलावावे. परीक्षकाच्या कागदावर नावाशेजारी जन्ममहिना आणि उंची असावी. पालकांनी खरी जन्मतारीख सांगावी, शाळा सोडवू नये आणि मुलाला दुसरा एखादा खेळही खेळू द्यावा. वाढत्या हाडांवर बारा महिने एकाच खेळाचा ताण पडला, तर टाच आणि गुडघे कुरकुरू लागतात.

आपल्या मंडळाला हे शिकवायला नको. गणेशोत्सवात शिवचरित्रावरचे नाटक बसवताना आपण एकाही मुलाला परत पाठवत नाही. संवाद पाठ होत नसतील, तर त्याला मावळा करतो. पुढच्या वर्षी तोच मावळा तानाजी होतो, हे आपण पाहिले आहे. मैदानावरही असेच व्हावे.

गेल्या दिवाळीत बाजारात एका उंचपुऱ्या गृहस्थाने मला वाकून नमस्कार केला. मी ओळखले नाही. तो सायकलची ट्यूब गुंडाळून आलेला मुलगा होता. आता माझ्याहून वीतभर उंच! सोबत अकरा वर्षांची लेक. अकादमीच्या चाचणीला तिला पाठवू का, असे त्याने विचारले. माझ्या त्या शेऱ्याचा त्याने उल्लेखही केला नाही. तो मलाच आठवला.

मी आधी मुलीचा जन्ममहिना विचारला. ‘नोव्हेंबर,’ तो म्हणाला. मी म्हटले, ‘अवश्य पाठवा. निवड झाली तर आनंदच आहे. नाही झाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिला माझ्याकडे मैदानावर घेऊन या.’

त्या चाचणीत तिची निवड झाली नाही. ती मात्र रोज सकाळी सहाला येते.