आजारी कोरफड

कोरफड ही सहजासहजीं मरणाला वश होणारी वनस्पति नव्हे. दक्षिण भारतांत, आणि महाराष्ट्रांतहि कांहीं घरांच्या दारावर, दृष्ट लागूं नये म्हणून कोरफडीचें सबंध रोप मुळांसकट उपटून उलटें टांगलेलें असतें. त्याला माती नसते, पाणी नसतें, खत तर नसतेंच. तरी तें महिनोन् महिने हिरवें राहतें. इतकेंच नव्हे, तर त्याच्या पानांचीं टोकें हळूं हळूं वळून आकाशाकडे पाहूं लागतात. त्याच घराच्या गॅलरींत, चांगल्या रंगविलेल्या कुंडींत, रोज सकाळीं तांब्याभर पाणी मिळणारी दुसरी कोरफड मात्र श्रावण उजाडण्यापूर्वींच पिवळी पडून लोळण घेते. हा विरोध ज्याला उलगडला, त्याला आजारी कोरफड वाचविण्याची निम्मी विद्या आली असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही विद्या अगदींच क्षुल्लक नाहीं. पुष्कळ घरांत कोरफड बाजारांतून आलेली नसते. ती माहेराहून येते, शेजारणीकडून येते. जुन्या झाडाच्या बुडाशीं फुटलेलें एक पिलू कागदांत गुंडाळून कोणी तरी हातीं ठेवतें, आणि तें पुढें वर्षानुवर्षें घरांत नांदतें. शिवाय असें पिलू म्हणजे बीजापासून झालेलें संतान नव्हे. तें त्या जुन्या झाडाचाच एक तुकडा असतें. आजी गेली, तिचें परसहि विकलें गेलें, तरी तिच्या परसांतील कोरफड नातीच्या खिडकींत जिवंत असते, आणि हें केवळ अलंकारानें नव्हे, तर शास्त्रार्थानेंहि खरें आहे. अशी कोरफड सडूं लागली म्हणजे दुसरें रोप विकत आणून तिची भरपाई होत नाहीं.

तिचा स्वभाव कळण्यासाठीं तिचें मूळ गांव पाहिलें पाहिजे. हजारों वर्षें माणसाच्या हातांतून फिरत राहिल्यामुळें तें गांव कोणतें, याविषयीं पुष्कळ काळ वाद होता. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या, कोरफडीच्या कुळाच्या वंशावळीसंबंधींच्या संशोधनांत तिचीं जवळचीं नातीं अरबस्तानच्या द्वीपकल्पांतील जातींशीं जुळलीं. त्या बाजूस मस्कतसारख्या ठिकाणीं सबंध वर्षांत सुमारें १०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईंत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तो २,००० मिलिमीटरांच्या वर जातो. एवढ्या पावसांत कोरफड उघड्यावर ठेवणें म्हणजे वाळवंटांतील पाहुण्याला विहिरींत बिऱ्हाड देण्यासारखें आहे.

त्या रखरखीत मुलखांत राहून तिनें पाणी वाचविण्याची एक युक्ति साधलेली आहे. बहुतेक झाडें दिवसां पानांवरील सूक्ष्म रंध्रें उघडतात, हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु आंत घेतात आणि त्याच दारानें पाण्याची वाफ गमावतात. कोरफड उन्हांत आपलीं रंध्रें मिटून घेते आणि रात्रीं, हवा गार झाल्यावर, उघडते. रात्रीं घेतलेला वायु आम्लाच्या रूपानें पानांत सांठतो व दुसऱ्या दिवशीं सूर्यप्रकाशांत त्याची साखर होते. ह्या व्यवहाराचा एक जुना सुगावा हिंदुस्थानांतच लागला, आणि तोहि जिभेला. कंपनी सरकारच्या चाकरींतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन ह्यानें पानफुटीचीं पानें दिवसाच्या निरनिराळ्या वेळीं चाखून पाहिलीं. सकाळीं तीं चुक्यासारखीं आंबट लागलीं, दुपारीं बेचव, आणि संध्याकाळच्या सुमारास किंचित् कडवट. हें त्यानें लिहून कळविलें, व १८१५ सालीं लंडनच्या लिनिअन सोसायटीनें तें छापलें. पानफुटी आणि कोरफड यांचें कूळ वेगळें असलें तरी ही रीत दोघींचीहि एकच.

तात्पर्य, कोरफडीच्या पानांत पाण्याचा सांठा भरपूर असतो आणि खर्च अत्यंत बेताचा. दारावर टांगलेलें रोप त्या सांठ्यावर दिवस काढतें. कुंडींतील रोपाची अडचण निराळी आहे. मुळांनाहि श्वास लागतो. मातीच्या कणांमधील पोकळींतून त्यांना प्राणवायु मिळतो. ती पोकळी सतत पाण्यानें भरलेली राहिली म्हणजे तो मिळेनासा होतो, कारण हवेंतून तो जितक्या वेगानें पसरतो त्याच्या सुमारें दहा हजारांश वेगानें पाण्यांतून पसरतो. गुदमरलेलीं मुळें दुबळीं होतात आणि पिथियम, फायटॉफ्थोरा यांसारखे बुरशीसदृश जीव त्यांत शिरतात. यांचीं बीजुकें पाण्यांत चक्क पोहत मुळांपर्यंत जातात. मग कूज मुळांतून बुंध्यांत आणि बुंध्यांतून गाभ्यांत चढते.

येथेंच घरोघरची मोठी फसगत होते. कुजलेलें मूळ पाणी ओढूं शकत नाहीं. त्यामुळें भिजलेल्या मातींत उभी असलेली कोरफडहि सुकलेली दिसते. घरांतील मायाळू माणूस तें पाहून हळहळतें आणि आणखी एक तांब्या ओततें. म्हणून पाणी देण्यापूर्वीं निदान केलें पाहिजे. खरोखर तहानलेल्या कोरफडीचीं पानें पातळ होतात, पन्हळीसारखीं आंत वळतात, टोकाला वाळतात. पण चिवट राहतात, आणि बुंधा घट्ट असतो. बुडालेल्या कोरफडीचीं खालचीं पानें पिवळट, पारदर्शक आणि लिबलिबीत होतात, बोटानें दाबतांच पाणी सुटतें, बुडाशीं घाण वास येतो, आणि रोप हलविलें तर खिळखिळ्या दातासारखें हलतें. शंका राहिल्यास झाडूची एक काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून बाहेर काढावी. तिला ओली माती चिकटली आणि पानें तरीहि मलूल असलीं, तर दोष तहानेचा नाहीं.

निदान झाल्यावर उशीर करूं नये. ‘थोडे दिवस पाणी बंद करून पाहूं’ हा सौम्य उपाय फक्त प्रारंभींच्या अवस्थेंत चालतो. बुंधा मऊ लागूं लागल्यावर त्यानें वेळ तेवढा जातो. कुंडी आडवी करून रोप मातीसकट बाहेर काढावें. माती झटकून टाकावी. निरोगी मूळ पिवळसर पांढरें आणि टणक असतें. कुजलेलें तपकिरी किंवा काळें, आणि चिमटींत धरून ओढलें तर त्याची साल निसटून हातीं नुसता दोरा राहतो. अशीं सगळीं मुळें आणि लिबलिबीत पानें काढून टाकावींत. त्यांचा जेल अंगाला लावण्याच्या मोहांत पडूं नये.

नंतर बुंध्याची परीक्षा. चाकू धारदार हवा आणि स्पिरिटानें पुसलेला किंवा ज्योतीवर धरलेला हवा. बुंध्याच्या तळाची एक पातळ चकती कापावी आणि उघडा पडलेला भाग उजेडांत पाहावा. त्यांत तपकिरी ठिपका किंवा कडें दिसलें तर चाकू पुन्हां पुसून आणखी एक चकती कापावी. छेद सर्वत्र फिका, स्वच्छ व घट्ट दिसेपर्यंत हें चालू ठेवावयाचें. हात येथेंच कचरतो. चार बोटें बुंधा होता, त्याचा एक बोट उरला, मूळ एकहि राहिलें नाहीं, हें पाहवत नाहीं; आणि ‘एवढासा डाग राहिला तर काय होतें’ असें मनांत येतें. तो एवढासा डागच आठ दिवसांत पुन्हां सगळें रोप खातो. मुळांवांचून कोरफड जगते. डागासह जगत नाहीं.

कूज मधल्या गाभ्यापर्यंत, म्हणजे जेथून नवीं पानें निघतात त्या कोंबापर्यंत पोंचली असेल, तर तें रोप गेलें असें समजावें. तरी सर्वच गेलें असें नव्हे. बुडाशीं एकादें निरोगी पिलू असलें तर तें वेगळें करून त्यालाच पुढील सर्व उपचार करावे. पिलू नसेल तर पुष्कळ लोक एक पान कापून मातींत रोवतात. पानफुटीच्या पानाच्या कडेला कोंब असतात, म्हणून तिचें पान रुजतें. कोरफडीच्या पानाला तसा कोंब नाहीं, तें बहुधा जागींच कुजतें. नुसतें खोड थोडेंसें राहिलें तरी आशा असते, नुसत्या पानावर ती ठेवूं नये.

कापलेल्या भागाला कोणी हळद लावतात, कोणी राख. हळदीनें अपाय होत नाहीं, परंतु तिच्यावर भिस्त ठेवण्यांत अर्थ नाहीं. खरें औषध कोरडी हवा. रोप सावलींत, हवेशीर जागीं, कागदावर किंवा टोपलींत, निदान पांच-सात दिवस उघडें ठेवावें. बुंधा जाड असेल किंवा हवा दमट असेल तर दोन आठवडेहि लागतात. जखमेवर कोरडी, कडक खपली धरली पाहिजे. ह्या अवधींत घरांतील कोणी तरी ‘बिचारीला थोडें पाणी शिंपडा’ असें म्हणतेंच. त्यांना दारावरची उलटी कोरफड दाखवावी.

कुंडी मातीचीच घ्यावी, तळाला भोंक असलेली, आणि रोपाच्या मानानें लहान. मोठ्या कुंडींतील मातींत ओल फार दिवस राहते आणि ती शोषून घेण्यास मुळें नसतात. काळी माती टाळावी. ती पाणी धरून फुगते व वाळल्यावर दगड होते. नदीची जाड वाळू किंवा विटांचा चुरा अर्धा, आणि उरलेल्या अर्ध्यांत तांबडी माती व थोडें कुजलेल्या पानांचें खत, एवढें पुरे. समुद्राची वाळू खारट, ती नको. आणखी एका जुन्या समजुतीविषयीं सांगितलें पाहिजे. पाणी निथळावें म्हणून कुंडीच्या तळाशीं खड्यांचा जाड थर घालतात. पण बारीक मातींतलें पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाहीं. वरची माती तुडुंब भिजेपर्यंत तें तिच्यांतच अडकून राहतें. म्हणजे खड्यांमुळें दलदल नाहींशी होत नाहीं, ती मुळांच्या आणखी जवळ येते. भोंकावर एक खापरीचा तुकडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाहीं. कुंडीखालीं बशी ठेवणें झाल्यास पाणी घातल्यावर ती ओतून टाकावी.

रोप अशा कोरड्या मिश्रणांत बुंध्यापुरतें बसवावें आणि तें कलंडूं नये म्हणून दोन काड्यांचा आधार द्यावा. पहिला आठवडा पाण्याचा थेंबहि नको. त्यानंतर कडेकडेनें अगदीं थोडें द्यावें, आणि तें पूर्ण वाळल्याशिवाय दुसरें नाहीं. ऊन एकदम दाखवूं नये. आरंभीं उजेडाची सावली, मग सकाळचें कोंवळें ऊन. उघड्यावर नेलेली अशक्त कोरफड कांहीं दिवसांत तांबूस होते, ती उन्हाची खूण आहे. खत तर मुळींच घालूं नये.

ह्यानंतरचे तीन ते सहा आठवडे फार कठीण, कारण दिसण्यासारखें कांहींच घडत नाहीं. बाहेरचीं एक-दोन पानें सुरकुततील, कदाचित् वाळून पडतील. तो त्यांचा सांठा नव्या मुळांच्या कामीं लागत असतो. रोप उपटून मुळें आलीं कीं नाहीं हें पाहण्याचा उद्योग कोणीं करूं नये. नुकतीं फुटलेलीं मुळें तेवढ्यानेंच तुटतात. बोटानें हलकेंच ढकलून पाहावें. रोपानें किंचित् विरोध केला तर त्यानें माती धरली आहे. त्यानंतर गाभ्यांतलें लहान पान ताठ होतें, त्याचा रंग फिका हिरवा आणि ताजा दिसतो, आणि सुरकुतलेलीं पानें पुन्हां भरूं लागतात. तेव्हांपासून नेहमींचें पाणी: उन्हाळ्यांत माती तळापर्यंत वाळली म्हणजे एकदां भरपूर, थंडींत त्याहून पुष्कळ कमी, आणि कोंकणपट्टींत जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत कुंडी पागोळ्यांच्या आंत.

बरी झालेली कोरफड वर्षा-दोन वर्षांत बुडाशीं पिलें धरते. तीं वीतभर झालीं म्हणजे पावसाळ्यापूर्वींच मुळांसकट वेगळीं करावींत, दोन दिवस वाळूं द्यावींत, आणि एक बहिणीकडे, एक शेजारणीकडे देऊन ठेवावें. घरची कुंडी पुन्हां गेलीच, तर तेंच झाड त्यांच्याकडून मागून आणतां येतें.