थंडीची सवय आणि केळीची बाग

(इच्छापोर, जि. सूरत येथील खानदेशी कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकांची गावे रावेर, यावल, चोपडा या भागांतील. तिकडून वाहत आलेली तापी इच्छापोरजवळच समुद्राला मिळते. नदी एकच, परंतु पौषातील रात्र मात्र दोन्हीकडे सारखी नसते. समुद्राचे पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. त्यामुळे या किनाऱ्यावर थंडी बेताची. खानदेशात मात्र उत्तरेचा वारा सुटून आभाळ निरभ्र झाले की पारा १० अंशांच्याही खाली उतरतो आणि बाग पिवळी पडल्याचा निरोप आपणांस येतो.

गव्हाच्या रोपाला थंडीची सवय करून घेता येते. गारठा हळूहळू वाढत गेला तर ते पेशींत साखर साठविते. पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये बदलते, म्हणून ते आवरण थंडीतही ताठरत नाही. या तयारीस काही दिवस लागतात. उबदार हवेनंतर एकाएकी कडाका पडला तर इजा अधिक होते, ती यामुळेच. जनावरांचेही तसेच. दिवस लहान होऊ लागले की त्यांच्या अंगावरील केस दाट होतात, भूक वाढते. नुकत्याच जन्मलेल्या वासराला मात्र ही उसंत मिळालेली नसते. त्याला कोरडे अंथरूण आणि आडोसा हवाच. माणसाचे निराळे काय सांगावे? खानदेशातील कोरडे ऊन सोसलेला माणूस सूरतेच्या दमट उकाड्याने पहिले काही आठवडे हैराण होतो, हे आपण जाणताच.

केळ ही मुळात उष्ण व दमट प्रदेशातील. थंडीशी जुळवून घेण्याची शक्ती तिच्यात फार थोडी. कडाक्यात तिची वाढ जवळजवळ थांबते, पाने पिवळी पडतात, निसवणारा घड खोडाच्या तोंडाशीच अडकतो. जून-जुलैतील मृगबागेची झाडे थंडीपर्यंत बरीच वाढलेली असतात. ऑक्टोबरच्या सुमाराची कांदेबाग मात्र कोवळेपणीच थंडीत सापडते.

म्हणून येथे शेतकऱ्यालाच झाडाच्या वतीने तयारी करावी लागते. विहिरीचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असते. ते रात्री वा पहाटे द्यावे. ओलसर पालापाचोळा पेटवून धूर करावा. पण वारा वाहत असेल तर धूर बागेत ठरत नाही आणि रात्रभराचे जागरण व्यर्थ जाते. घरची तरुण माणसे सूरतेत कामाला असताना हे जागरण म्हाताऱ्या आईवडिलांच्या वाट्याला येते, हेही ध्यानी घ्यावे.

दिवाळीस गावी जाल तेव्हा बागेच्या उत्तरेकडील शेवरी किती वाढली आहे ते पाहून यावे. ती विरळ असेल तर तेथे तुराट्यांची ताटी त्याच मुक्कामात बांधून द्यावी. डिसेंबरात पेरलेली शेवरी त्या वर्षीचा वारा अडवीत नाही.