सोमवारची सकाळ



उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यम घेऊन. घरी मराठी, बाजारात तेलुगू, कॉलेजात उर्दू, असे आपले कित्येक वडीलधारे वाढले. परक्या भाषेचे त्यांना भय वाटले नाही, कारण पाठीशी घर होते.

चिक्कडपल्लीतील एका बांधकामावर आम्ही काही सभासद दर रविवारी मजुरांच्या मुलांना इंग्रजी शिकवीत असू. मुले पालमूरकडची, दोन-तीन देगलूरची. बाराखडीसारखी अक्षरे घोकून घेतली. पुढच्या रविवारी पाटी कोरी! एकदा देगलूरच्या मुलीने सिमेंटच्या पोत्यावरचे अक्षर बोटाने गिरवीत विचारले, ''काकू, हे काय लिहिलंय?'' तेव्हापासून पोती आणि बसच्या पाट्या हीच आमची क्रमिक पुस्तके झाली. अर्थ आधी तिच्या मराठीत, मग इंग्रजीत.

इमारत पुरी झाली आणि बिऱ्हाडे उठली. मुलगी कोठे गेली, कळले नाही. तिचे नाव शाळेत घालण्याचे आम्हांला सुचलेच नव्हते!

डॉ. शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने १९९१ पासून रंगारेड्डी जिल्ह्यात नेमके हेच केले. कामावरील मुलांना शिबिरांत तयार करून सरकारी शाळेत पोहोचविले. २००३ साली सिन्हाबाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वयाचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. पण ते शाळेत जाऊन सांगावयास सोबत कोणी लागते. रविवारसाठी माणसे पुष्कळ आहेत. सोमवारी सकाळी मोकळे असलेले सभासद मला हवे आहेत.