आधी हवा मोजा

श्रोतेहो, मला दिलेला विषय आहे, डोंगरवाटांवर चालणाऱ्या मोटारसायकलींची एका दिवसात पारख कशी करावी. वेळ सात मिनिटं. त्यातली पाच मी हवेवर घालवणार आहे, हे आत्ताच सांगून टाकतो. हवा म्हणजे टायरमधली.

पारख करावी इतक्या गाड्या आपल्याकडे आल्या, हीच मुळात आनंदाची गोष्ट. 2011 साली हिरोची इम्पल्स आली तेव्हा लोक विचारायचे, एवढी उंच गाडी घेऊन जायचंय कुठे? ती काही वर्षांनी बंद झाली. मग 2016 मध्ये हिमालयन आली, 2019 मध्ये एक्सपल्स, 2020 मध्ये केटीएमची 390 अ‍ॅडव्हेंचर, जी आपल्या चाकणलाच तयार होते. 2023 च्या अखेरीस हिमालयन 450 आली आणि त्यानंतर कावासाकीची केएलएक्स 230. नावं ओळखीपुरती घेतली, जाहिरात समजू नका.

आता होतं काय, की चार दोस्त चार गाड्या घेऊन रविवारी पवन मावळात उतरतात. तिकोन्याच्या बाजूला एखादी पाणंद, मुरमाची चढण, गोट्यांचा ओढा. शेतकऱ्याला विचारून घेतलं असेल, आणि विचारायलाच हवं, तर भात काढून मोकळं झालेलं खाचर. दिवसभर गाड्या आलटून पालटून चालवतात आणि संध्याकाळी भज्यांवर निकाल लागतो. ही चढते, ती घसरते, तिसरी नुसती दिसायला. मी अशा निकालांना बसलेलो आहे. ऐकून घेतो आणि मग विचारतो, हवा किती होती? सगळे एकमेकांकडे बघतात.

अहो, एका गाडीला बटणाचे टायर, दुसरीला रस्त्याची नक्षी. एकीत मालकाने हौसेने हवा उतरवलेली, दुसरीत पंपावर सकाळी ठासून भरलेली. मग तुम्ही मोटारसायकली कुठे ताडून पाहिल्यात? तुम्ही टायर ताडून पाहिलेत.

दोन सुनांच्या भाकऱ्यांची पारख करायची असेल तर सासू आधी डबा उघडून पीठ बघते. एकीला आजच दळून आणलेली ज्वारी दिली आणि दुसरीला महिन्याचं विरी गेलेलं पीठ, तर दुसरीची भाकरी थापतानाच कडेने चिरणार. त्यात तिच्या हाताचा काय दोष? तवा चांगला, जाळ चांगला, हात चांगला, पण पीठच धरत नाही. टायरचं तसंच आहे. इंजिन म्हणजे तुमचा जाळ. तो कितीही मोठा केलात तरी न धरणारं पीठ धरायला लागत नाही, उलट करपतं. हिमालयन 450 ला चाळीस घोड्यांची ताकद आहे. फुगलेल्या टायरवर ते चाळीसही घोडे ओल्या मुरमात जागच्या जागी चाक फिरवतील आणि मागच्याच्या तोंडावर खडी उडवतील. आता सुगरण काय करते? विरी गेलेलं पीठ ती फेकत नाही, कढत पाण्यात मळते. पीठ तेच, पण चिकटून येतं. हवा उतरवणं म्हणजे हे कढत पाणी. फुकटचं आहे. व्हॉल्वची पिन नखाने दाबायची आणि मोजायचं.

मोजायचं म्हणतोय मी, अंदाज नाही. अंगठ्याने टायर दाबून 'बरोबर आहे' म्हणणारे फार भेटतात. खिशात पेनाएवढा प्रेशर गेज ठेवा आणि चारही गाड्यांना तोच एक वापरा. पंपापंपावरचे काटे वेगळं बोलतात. आणि मोजा पहाटे, टायर गार असताना. डांबरावरून तासभर आलात की आतली हवा तापते, आकडा दोनचार पौंडांनी वर जातो, आणि तो बघून कुणी हवा सोडली की गार झाल्यावर टायर नको तितका बसतो.

किती ठेवायची? सगळ्यांना एकच आकडा, असं करू नका बरं का. सारखी हवा म्हणजे गाडीच्या वजनाला साजेशी हवा. केएलएक्स 139 किलोची, एक्सपल्स साधारण एकशेसाठच्या घरात, हिमालयन 450 आहे 196 किलोची. रस्त्यावर पंचवीस ते तिशीच्या आसपास असते ती हलक्या गाडीला सोळा-अठरापर्यंत उतरवावी, जड गाडीला विशीच्या खाली सहसा नको. ट्यूबच्या चाकात त्याहून कमी केलीत की दगडावर आपटल्यावर ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि सापाने डसल्यासारखी दोन भोकं पडतात. रिम आऊट होते ती वेगळीच.

हे केलंत, की मग खरी पारख सुरू होते. आता गाड्यांचे गुण दिसतात. पुढचं 21 इंची चाक गोट्यावर चढून जातं, 19 इंची जरा धडकून चढतं पण डांबरी वळणावर निवांत वाटतं. 139 आणि 196 मधला सत्तावन्न किलोंचा फरक ओढ्यात गाडी आडवी झाली की कळतो. चालताना इतका नाही कळत. सीटची उंची 880 मिलिमीटर असेल तर बेताच्या उंचीच्या माणसाचा पाय टेकेपर्यंत गाडी कललेली असते. जुनी हिमालयन 800 ची, तिथे दोन्ही पाय टेकतात. हे फरक गाडीचे. चढण न चढणं मात्र बहुतेक वेळा टायरचं असतं, परत सांगतो, टायरचं आणि हवेचं.

आणखी एक, कुणी लक्षात घेत नाही. ओढ्यातून पहिली गाडी पलीकडे चढते तेव्हा तिचं निथळणारं पाणी चढणीवर सांडतं. दुसरी गाडी त्या ओल्या दगडांवर येते, तिसरी आली की तिथे राडा झालेला असतो. मग तिसरी गाडी 'बेकार'! नंबर बदला. प्रत्येक गाडी एकदा तरी पहिली जाऊ दे. चालवणारेही बदला, नाहीतर गाडीऐवजी माणसाचे मार्क मोजाल.

आणि रागावू का थोडं? पावसाळ्यात सड्यांवर गाड्या घालू नका. कासचं पठार 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथे पहारा असतो. पण नावगाव नसलेले कितीतरी सडे आहेत. कातळावर बोटभर माती, त्यात वर्षातून काही आठवडे उगवणारी झाडं. बटणाचा टायर तिथे एकदा फिरला की ती माती निघून जाते. हवा कमी करा की जास्त, तिथे काही फरक पडत नाही.

सस्पेन्शनबद्दल बोलायचं होतं. चालवणारा बसल्यावर गाडी किती दबायला हवी, मागच्या शॉकचा प्रीलोड... पण काचेपलीकडून हात दाखवतायत. तेवढ्यात एकच. परतताना डांबर लागायच्या आधी थांबा आणि हवा परत भरा, पायपंप असेल तर त्याने, नाहीतर पहिल्या पंक्चरवाल्याकडे. अठरा पौंडांवर ऐंशीच्या वेगाने गाडी वळणात डुलते आणि टायर तापतो. भरताना गेज तोच वापरा. चेनच्या ताणाचं राहूनच गेलं.