बस्ता आणि दुकानातली ओळख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला तुम्ही बोला, असे चिटणीस वैनींनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझी शाळा सातवीत सुटली. इथे बी.ए., एम.ए. झालेल्या भगिनी बसल्या आहेत, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? तर त्या म्हणाल्या, "सगळ्या गल्लीला बस्त्याला तुम्ही लागता, मग त्याच्यावरच बोला की." हे मात्र खरे. सासरी आणि माहेरी मिळून वीस-बावीस लग्नांचे बस्ते माझ्या डोळ्यांदेखत बांधले गेले. त्यातून जे कळले तेच सांगते.

बस्ता म्हणजे काय ते आपणा बायकांना सांगायला नको. दोन्हीकडची दहा-पंधरा माणसे सकाळी दुकानात शिरतात आणि दिवेलागणीला बाहेर पडतात. नवरीचा शालू, सासूची मानाची साडी, करवल्यांच्या, मावश्या-आत्यांच्या, मग आहेराच्या डझनावारी. वर्षानुवर्षे बाजूला ठेवलेला पैसा त्या एका दिवसात जातो. समोर बसलेला माणूस मात्र रोज शंभर साड्या उलगडतो. आपण जन्मात दोन-तीन वेळा बस्ता बांधतो, तो आठवड्यात दोन-तीन बांधतो. ही बरोबरीची गाठ नव्हे. म्हणून दुकानात आपल्या ओळखीचे एक माणूस हवे. मालकाची ओळख असून फार उपयोग होत नाही. मालक गल्ल्यावर असतो, चहा मागवतो, गोड बोलतो. साडी दाखवतो तो गादीवरचा माणूस, नाहीतर काउंटरपलीकडची मुलगी. ओळख तिथे हवी.

ही ओळख बस्त्याच्या दिवशी होत नाही, आधी करावी लागते. लग्न ठरले की नवरीची आई आणि आणखी एकच बाई, अशा दोघींनी दुपारी दोन-तीनच्या सुमाराला जावे. शनिवार-रविवार नको. महाद्वार रोडला जायचे असेल तर शुक्रवारही नको, अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, दुकानातल्या माणसाला मान वर करायला सवड नसते. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर भवानी व्हायची असते, रिकाम्या हाताने परतलेले गिऱ्हाईक त्याला बरे वाटत नाही. दुपारी तो जेवून बसलेला असतो, बोलतो.

गेल्यावर पहिल्यांदा किंमत सांगावी. आपल्याला याची लाज वाटते. "दाखवा तर खरं" म्हणून आपण बसतो आणि तो वीस हजारांच्या साड्या उलगडत राहतो, मग आपल्याला "बघून येतो" म्हणून उठावे लागते. त्यापेक्षा "आठ हजारांच्या आत, हिरवा नाहीतर जांभळा, काठ मोठा" असे सांगितले तर तो फडताळातून नेमक्या सहा घड्या काढतो. नको असेल ती साडी लगेच नको म्हणून बाजूला करावी. तोंडदेखले "छान आहे, ठेवा" म्हणून ढीग करू नये. मोडलेली प्रत्येक घडी रात्री कुणाला तरी पुन्हा घालावी लागते.

नाव विचारावे. नाव विचारले की तो माणूस निराळा होतो, हे मी कितीदा पाहिले आहे. आणि साडी नेल्यावर पुन्हा एकदा जाऊन सांगावे, की ती धुतली, रंग टिकला, किंवा रंग गेला. रंग गेला हे दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर ओरडून सांगू नये, बाजूला घेऊन सांगावे. तो पुढच्या वेळी त्या गठ्ठ्यातली साडी तुम्हाला काढणार नाही.

याचा फायदा काय? आमच्या सासूबाईंच्या वेळेपासून ओळखीचे एक काका होते, आता ते निवृत्त झाले. त्यांच्यापुढे साडी धरली की ते नुसते बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "वैनी, ही नको. इचलकरंजीचं सूत बरं असतं, पण ह्याला खळ जास्त आहे. दोन धुण्यांत पोतेरं होईल." आहेराच्या बारा साड्या एका जातीच्या आणि बारा रंगांच्या हव्या असल्या की ते माल आल्याचा निरोप पाठवायचे. घाऊक साड्या गांधीनगरलाच बऱ्या पडतील, हेसुद्धा त्यांनी आम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे. आपल्याच दुकानाचे गिऱ्हाईक दुसरीकडे धाडणारा माणूस! त्यामुळे शालू आम्ही त्यांच्याकडेच घेत आलो.

आता दुसरी बाजू. ओळख आपण करतो तशी दुकानही आपल्याशी करते, आणि ते पोटासाठी करते. माझी भाची मुंबईत परदेशी पर्सा विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात कामाला आहे. वांद्र्याला २०२३ साली तशा दुकानांचा एक मोठा मॉल उघडला, त्या प्रकारचे. ती सांगते, प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद ठेवायची असते. वाढदिवस कधी, लग्नाचा वाढदिवस कधी, रंग कोणता आवडतो, मागच्या वेळी काय नेले. मग नेमक्या दिवशी मोबाईलवर गोड निरोप जातो. महिन्याला एवढी विक्री झालीच पाहिजे असा आकडा ठरलेला, त्यावर कमिशन. "मावशी, मला त्या बायका खरंच आवडतात गं, पण महिनाअखेर आली की मला त्यांचे आकडेच दिसतात," असे ती म्हणाली. मला तिचे वाईट वाटले.

फ्रान्सच्या एरमेस कंपनीच्या पर्सेची गोष्ट तर तिने सांगितली तेव्हा आम्ही सगळ्या हसलो. पैसे घेऊन गेले तरी ती पर्स सहज मिळत नाही म्हणे. आधी दुकानातले दुसरे सामान घ्यावे लागते, मग पर्स दाखवतात, असा आरोप करून काही गिऱ्हाइकांनी २०२४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात खटला भरला. न्यायालयाने तो पुढे फेटाळला. पण मी म्हणते, हसायचे कशाला? "वैनी, हा माल सगळ्यांना दाखवत नाही, तुमच्यासाठी म्हणून आतल्या कपाटातून काढलाय," हे वाक्य आपण कोल्हापुरात ऐकलेले नाही का? ते ऐकले की आपला ऊर भरून येतो आणि आठाच्या जागी बारा हजार जातात. अनोळखी माणसाला नको म्हणणे सोपे असते. ज्याने आपल्या मुलीला परकरी असल्यापासून पाहिले त्याला नको म्हणताना जीभ जड होते.

यावर आमच्या घरी एक रीत आहे. कागदावर आकडा लिहून न्यायचा, आणि साडी निवडणारी बाई वेगळी, पैसे धरणारी वेगळी. पैसे धरणारीने साड्यांकडे बघायचेच नाही! आमच्याकडे हे काम धाकट्या जाऊबाईंकडे असते. त्या चहा पितात आणि कागद बघतात.

सोन्याचे मी थोडक्यात सांगते, कारण गुजरीतल्या ओळखी पिढीजात असतात आणि तिथे बायकांचे फारसे चालत नाही. साज करायचा असो की पाटल्या, सराफ कितीही घरचा असला तरी घडणावळ किती, लाख भरलेला दागिना असेल तर निव्वळ सोने किती, आणि पुढे मोड घालायला आणला तर काय धरणार, हे तिन्ही पावतीवर लिहून घ्यावे. हॉलमार्कच्या दागिन्यावर आता सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या ॲपमध्ये घातला की दागिन्याची नोंद दिसते. क्रमांक बघितला म्हणून खरा सराफ रागावत नाही.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते. गेल्या साली माझ्या मोठ्या मुलीचे लग्न झाले. बस्त्याला एका मोठ्या दुकानात गेलो होतो. दुकानाचे नाव घेत नाही. तिथल्या एका मुलीशी माझी आधी दोन-तीनदा जाऊन ओळख झाली होती. मुलगी खेड्यावरून एस.टी.ने येते, बारावी झालेली. त्या दिवशी तिच्या काउंटरवर वरचा साहेब आला आणि एक पैठणी पुढे टाकून म्हणाला, "येवल्याची, हातमागाची, अडतीस हजार." साडी देखणी होती. आमच्या विहीणबाईंचे डोळे तिच्यावर खिळले.

ती मुलगी एक शब्द बोलली नाही. तिने पदर हातावर घेतला, उलटा केला, उलटी बाजू वर ठेवून हाताने नीट सपाट केला आणि तसाच राहू दिला. साहेबाला वाटले ती पदर दाखवते आहे. मी पाहिले, मोराच्या मागे कापलेल्या धाग्यांची लव होती. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदरावरची नक्षी रंगारंगाचे धागे हाताने एकमेकांत गुंतवून विणतात. म्हणून ती मागून-पुढून सारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. ही यंत्रावरची होती. यंत्रावरची पैठणी नेसू नये असे नाही, मीसुद्धा नेसते, पण तिला हातमागाची किंमत का द्यायची?

मी तिथे काही बोलले नाही. "उलट्या बाजूचे धागे बघा" असे मी म्हटले असते तर साहेबाने आधी त्या मुलीकडे पाहिले असते. "रंग मुलीला खुलत नाही," एवढेच म्हणून साडी परत केली, आणि तिच्याच काउंटरवरून अकरा हजारांचा शालू घेतला, म्हणजे विक्री तिच्या नावावर लागली. घरी आल्यावर विहीणबाईंना सगळे सांगितले. त्या आधी रुसल्या, मग हसल्या.

त्यानंतर आपल्या मंडळातल्या कितीतरी जणींनी मला विचारले, कोण ती मुलगी, नाव सांग, आम्ही तिच्याकडेच जातो. मी सांगितले नाही आणि आजही सांगणार नाही. दहा बायका एकामागून एक तिच्याच काउंटरवर येऊन पदर उलटा करू लागल्या तर तिची नोकरी राहील का? तुम्ही पदर स्वतः उलटा करा. कुठल्याही दुकानात करा. पैठणी असो, इरकल असो, उलटी बाजू बघायला कुणाची परवानगी लागत नाही. रेशमावर सिल्क मार्कची चिठ्ठी आहे का तेही विचारा. आपल्याला येते म्हटल्यावर त्या मुलींना आपल्यासाठी जिवावर उदार व्हावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. त्या दिवशी सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो आणि ती मुलगी उभी होती. दुपारी डबा खाल्ला तेवढाच वेळ ती बसली असेल. केरळात कोझिकोडला कापडदुकानांतल्या बायकांची हीच गत होती. दिवसभर बसायचे नाही, आणि शौचालयाची सोय नाही म्हणून पाणीसुद्धा प्यायचे नाही. विजी पेनकूट्टू नावाच्या, स्वतः शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केले, कित्येक वर्षे भांडल्या, आणि २०१८ साली केरळ सरकारने दुकानातल्या नोकरांना बसायची सोय द्यायचा कायदा केला. तमिळनाडूनेही २०२१ साली केला.

आज आपल्या कार्यक्रमाला पेठेतले दोन-तीन कापड व्यापारीही आले आहेत. स्मरणिकेला त्यांनी जाहिराती दिल्या, त्याबद्दल मंडळ त्यांचे आभारी आहेच. त्यांना माझी विनंती आहे की लगनसराईच्या आत काउंटरमागे दोन-दोन स्टुले ठेवावीत. आम्ही बस्त्याला येऊ तेव्हा बघूच.

आता तिळगुळासारख्या गोड आवाजाच्या आपल्या भजनी भगिनी गाणार आहेत, तेव्हा मी खाली बसते.